शटडाऊन लागलं की फेडरल नोकरीचा पगार कसा अडकतो आणि त्या दिवसांत घर कसं चालवायचं

११ जानेवारी २०१९, पहाटेचे पाच. लॅपटॉप उघडून पे स्टब (पगाराची पावती) बघितली तर नेट पे च्या पुढे ०.००. शटडाऊन, म्हणजे खर्चाचं बिल मंजूर न झाल्याने अमेरिकेच्या केंद्र (फेडरल) सरकारचं कामकाज बंद पडणं, ते सुरू होऊन तीन आठवडे होत आले होते, पगार येणार नाही हे पक्कं माहीत होतं, तरी तो आकडा डोळ्यांनी बघितल्यावर पोटात गोळा आलाच. त्याच महिन्यात मॉर्गेजचा हप्ता दोन दिवस उशिरा आठवला, तोपर्यंत लेट फी लागलेली, फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली तुम्ही ड्यू डेटच्या आधी फोन केला असता तर आम्ही काहीतरी करू शकलो असतो. ते वाक्य डोक्यात बसलंय आणि हे सगळं लिहायचं कारणही तेच आहे.

त्या वेळचं शटडाऊन ३५ दिवस चाललं, २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९, तेव्हा मी फर्लोवर, म्हणजे सक्तीच्या बिनपगारी रजेवर, घरी होते. २०२५ चं ४३ दिवसांचं, १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, त्यात मी एक्सेप्टेड होते म्हणजे रोज कामाला जायचं आणि पगार शून्य. दोन्ही बाजू बघून झाल्यात. पगार शेवटी मिळतो, पण कधी मिळणार ते कोणीही सांगू शकत नाही, आणि भाडं, डेकेअर, गाडीचा हप्ता यांच्या तारखा काही हलत नाहीत. सगळी तयारी या मधल्या दिवसांसाठी करायची असते.

आधी तुम्ही कुठल्या खात्यात ते बघा

फेडरल सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. काँग्रेसने खर्चाची १२ बिलं किंवा निदान तात्पुरतं कंटिन्युइंग रिझोल्यूशन पास केलं नाही तर ज्या एजन्सीला पैसे मंजूर नाहीत तिला अँटीडेफिशियन्सी ॲक्टमुळे खर्चच करता येत नाही. सगळं सरकार एकदम बंद होतंच असं नाही हां. २०१८-१९ मध्ये डिफेन्स आणि हेल्थची बिलं आधीच पास झाली होती म्हणून ते लोक पगार घेत होते आणि आम्ही नाही. त्यामुळे टीव्हीवर शटडाऊन शब्द ऐकला की घाबरायच्या आधी तुमच्या एजन्सीचं बिल कुठे अडकलंय ते बघा, आणि एजन्सीचा कंटिन्जन्सी प्लॅन वाचा, त्यात कोण घरी बसणार आणि कोण कामावर राहणार ते लिहिलेलं असतं.

मग तीन प्रकार पडतात. पहिले एक्झेम्प्ट, ज्यांचा पगार वार्षिक बिलातून येतच नाही, फी मधून किंवा दुसऱ्या निधीतून येतो. पोस्टातले लोक यात येतात, इमिग्रेशनची फी घेणाऱ्या ऑफिसातले बरेचसे येतात, त्यांचा पगार चालू राहतो. दुसरे एक्सेप्टेड, म्हणजे जीव आणि मालमत्ता वाचवायच्या कामाचे, एअर ट्रॅफिक कंट्रोलर, विमानतळावर बॅगा तपासणारे, बॉर्डरवरचे, हे काम करतात आणि पैसे नंतर. तिसरे फर्लो, घरी बसा. २०१८-१९ मध्ये एकूण आठ लाखांच्या आसपास लोक अडकले होते, त्यातले पावणेचार लाखांच्या वर फर्लोवर आणि बाकीचे बिनपगारी कामावर.

एक्झेम्प्ट आणि एक्सेप्टेड हे दोन शब्द कानाला सारखेच लागतात आणि लोक हमखास घोळ घालतात. बॉसला नीट विचारा, लेखी घ्या, कारण एकाचा पगार चालू आणि दुसऱ्याचा बंद.

फर्लो असेल तर पहिल्या दिवशी साधारण चार तासांपर्यंत आवराआवरीचं काम करायला मिळतं, ईमेलला ऑटो रिप्लाय लावा, टाइमशीट भरा, आणि मग लॅपटॉप बंद. नंतर ऑफिसचा फोनसुद्धा बघायचा नाही. स्वतःहून फुकट काम करतो म्हटलं तरी कायद्याने चालत नाही, हे आपल्या लोकांना पटत नाही कारण काम अर्धवट टाकून बसायची सवयच नसते, पण खरंच करू नका.

आधीच मंजूर झालेली सुट्टी फर्लोत रद्द होते, म्हणजे माझी सिक लीव्ह शिल्लक आहे तीच वापरून पगार घेते असं जमत नाही. एक्सेप्टेड असाल आणि आजारी पडलात तर २०१९ च्या कायद्यानंतर लीव्ह घेता येते, पण तिचेही पैसे शटडाऊन संपल्यावरच.

पहिला कापलेला चेक कधी, ते कॅलेंडरवर मांडा

लोकांना वाटतं शटडाऊन लागलं की लगेच पगार बंद, पण आपला पगार मागच्या दोन आठवड्यांच्या कामाचा येतो त्यामुळे पहिला धक्का थोडा उशिरा बसतो आणि तोही अर्धवट. मी २०२५ चंच उदाहरण देते.

पे पीरियड होता २१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. शटडाऊन १ ऑक्टोबरला, बुधवारी लागलं. म्हणजे दहा कामाच्या दिवसांपैकी सात दिवस आधीचे, पैसे मंजूर असलेले, आणि शेवटचे तीन अडकले. समजा तुमचा वर्षाचा पगार ९३,९१५ डॉलर आहे. फेडरलमध्ये तासाचा दर काढायला वर्षाच्या पगाराला २०८७ ने भागतात, तर तासाला ४५ डॉलर झाले. नेहमीचे ८० तासांचे ३,६०० येतात, या वेळी ५६ तासांचे २,५२० आले आणि १,०८० अडकले. हे सगळं टॅक्स वगैरे कापायच्या आधीचं. बऱ्याच जणांचा हा अर्धामुर्धा चेक १० ऑक्टोबरच्या सुमारास आला, २४ ऑक्टोबरचा पूर्ण शून्य, ७ नोव्हेंबरचाही शून्य. तारखा पेरोल ऑफिसप्रमाणे एखाद दिवस इकडेतिकडे होतात.

आता यात एक गंमत नसलेली गोष्ट आहे. ग्रॉस ७० टक्के आलं म्हणून हातातही ७० टक्केच येतील असं धरू नका. टक्केवारीने कापले जाणारे, म्हणजे सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के, मेडिकेअरचे १.४५, फर्सचं (फेडरल पेन्शन योजनेचं) रिटायरमेंट, हे त्या प्रमाणात कमी होतात, पण हेल्थ इन्शुरन्सचा प्रीमियम पूर्णच्या पूर्ण कापला जातो, टीएसपी (फेडरल लोकांचं रिटायरमेंटसाठीचं बचत खातं) मध्ये ठरावीक डॉलर लावले असतील तर तेही तेवढेच. आणि चेक इतका छोटा असेल की सगळं कापायला पुरत नाही तर क्रम ठरलेला आहे, आधी रिटायरमेंट, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, फेडरल टॅक्स, मग हेल्थ इन्शुरन्स, आणि टीएसपी किंवा स्वतःहून लावलेल्या कपाती शेवटी शेवटी. जुनी एलईएस (पगाराची सविस्तर स्लिप) समोर ठेवून बसा आणि ओळीने मोजा, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि एकदा आकडा कळला की झोप लागते निदान.

ज्यांनी चेकमधून परस्पर दुसऱ्या खात्यात पैसे वळवलेत, मुलांच्या सेव्हिंगमध्ये किंवा भारतात आईवडिलांना पाठवायच्या खात्यात, त्यांनी हे अलॉटमेंट विसरू नका. तिकडे पैसे आले नाहीत आणि तिथून ऑटोपे लागलेला असेल तर ओव्हरड्राफ्ट बसतो.

पहिल्या आठवड्यातली कामं

कागदं आधी. शक्यतो शटडाऊन लागायच्या आधीच, घरच्या कॉम्प्युटरवर. शेवटच्या तीन-चार एलईएस, ताजा एसएफ-५० (नोकरीची सरकारी नोंद असलेला फॉर्म), आणि हेल्थ इन्शुरन्सचं काय ते. पेरोलच्या साइटला कधी कधी फक्त ऑफिसच्या लॅपटॉपवरूनच लॉगिन होतं आणि फर्लोत तो उघडायचा नसतो, मग अडकायला होतं. फर्लो नोटीस आली की तिची पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर घ्या, पुढे प्रत्येक जण तीच मागतो. ही नोटीस ३० दिवसांपुरती असते, शटडाऊन लांबलं तर दुसरी येते, तीही जपून ठेवा.

मग फोन. घर, गाडी, क्रेडिट कार्ड, डेकेअर, स्टुडंट लोन, वीज, सगळ्यांची यादी करून ड्यू डेट लिहा आणि ज्याची तारीख सगळ्यात जवळ त्याला पहिला फोन. ओपीएम, म्हणजे फेडरल नोकरदारांचं काम बघणारी सरकारी संस्था, तिच्या वेबसाइटवर घरमालक, मॉर्गेज कंपनी आणि बाकी देणेकरी यांना पाठवायच्या पत्रांचे नमुने असतात, नाव आणि तारखा भरायच्या आणि पाठवायचं, मी २०२५ ला तेच केलं. फोनवर काय बोलायचं याची लाज वाटते, मलाही वाटली, पण सरळ सांगायचं की मी फेडरल एम्प्लॉयी आहे, अमुक तारखेपासून पगार अडकलाय, अडकलेला पगार नंतर देण्याचा, म्हणजे बॅक पे चा, कायदा आहे, मला हप्ता पुढे ढकलून हवाय. आणि तीन गोष्टी विचारून घ्यायच्या: लेट फी माफ होणार का, व्याज चढत राहणार का, आणि क्रेडिट ब्युरोला (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला) उशीर झाल्याचं कळवणार का. शेवटी ढकललेले हप्ते एकदम भरायचे की लोनच्या शेवटी जोडणार हेही विचारा, कारण तीन महिन्यांचं मॉर्गेज एकरकमी मागितलं तर आणखी पंचाईत. जे ठरेल ते ईमेलवर मागा, माणसाचं नाव आणि वेळ वहीत लिहा.

क्रेडिट युनियनमध्ये (सभासदांच्या सहकारी बँकेत) खातं असेल तर लगेच विचारा. नेव्ही फेडरलसारख्या काही क्रेडिट युनियन शटडाऊनमध्ये पगाराएवढं बिनव्याजी कर्ज देतात, पण अट अशी असते की तुमचा पगार त्यांच्याकडेच थेट जमा होत असला पाहिजे, आणि बऱ्याचदा आधीपासून. म्हणून खातं शटडाऊन लागल्यावर नाही, त्याच्या आधी उघडायचं. पेडे लोनवाल्यांकडे (पुढच्या पगारावर भारी व्याजाने कर्ज देणाऱ्यांकडे) मात्र जाऊ नका, कितीही अडलं तरी.

सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय माहिती बघायची सरकारी परवानगी) असलेल्यांना एक वेगळी भीती असते की बिल थकलं तर क्लिअरन्स जाईल. पैशाची स्थिती तपासतात हे खरं आहे, पण माणसाच्या हातात नसलेल्या कारणाने अडचण आली आणि तो जबाबदारीने वागला तर ते त्याच्या बाजूने धरतात. म्हणून ती पत्रं आणि ईमेल जपायची, जबाबदारीने वागल्याचा पुरावा तोच असतो.

अनएम्प्लॉयमेंट

फर्लोवर असाल तर अनएम्प्लॉयमेंटसाठी, म्हणजे बेकारी भत्त्यासाठी, अर्ज करा, आणि पहिल्याच आठवड्यात करा, आज संपेल उद्या संपेल करत वाट बघू नका. फेडरल लोकांसाठी याला यूसीएफई म्हणतात पण अर्ज राज्याकडेच करायचा, आणि इथे आपल्या वॉशिंग्टन डीसीच्या भागात फार गोंधळ होतो: राज्य म्हणजे तुम्ही राहता ते नाही, तुमचं ऑफिशियल ड्यूटी स्टेशन जिथे आहे ते. मी राहते व्हर्जिनियात, ड्यूटी स्टेशन डीसी, म्हणून माझा अर्ज डीसीकडे. एसएफ-५० वर ड्यूटी स्टेशन लिहिलेलं असतं ते बघून घ्या. सोबत एलईएस, एसएफ-५० आणि एजन्सीने दिला असेल तर एसएफ-८ हा फॉर्म लागतो.

रक्कम राज्याप्रमाणे बदलते. मेरीलँडमध्ये २०२५ साली आठवड्याला जास्तीत जास्त ४३० डॉलर होते, म्हणजे तेवढ्यावर घर चालत नाही, पण किराणा आणि वीज भागते. बॅक पे आला की हे पैसे परत करायचे असतात, त्यामुळे ते बिनव्याजी उसने घेतलेत असं समजून जेवढे लागतील तेवढेच वापरा.

एक्सेप्टेड लोक पूर्ण वेळ काम करतात म्हणून त्यांना साधारणपणे मिळत नाही. हे मला सगळ्यात अन्यायाचं वाटतं, मनापासून सांगते. माझी एक मैत्रीण विमानतळावर तपासणीच्या लाइनवर उभी असते, पहाटे साडेतीनची शिफ्ट, रोज ४० मैल जायचं आणि ४० मैल यायचं, ऑक्टोबरच्या शेवटी तिच्याकडे पेट्रोलला पैसे नव्हते आणि कामावर गेलं नाही तर गैरहजेरी लागते. तिने घरी बसलेल्या फर्लोवाल्या शेजाऱ्याकडून गॅस कार्ड घेतलं. तुम्ही एक्सेप्टेड असाल तर सुपरवायझरला टेलिवर्क किंवा शिफ्ट बदलून मिळेल का हे पहिल्याच आठवड्यात विचारा, आणि तुमची युनियन असेल तर तिथे पण, कारण गॅस कार्ड, किराणा, डायपर असल्या मदतीची खबर आधी तिथेच लागते. फूड बँकेच्या लाइनमध्ये उभं राहायला कमीपणा वाटून घेऊ नका, डीसीच्या आसपास दोन्ही वेळा त्या लाइनमध्ये गळ्यात ऑफिसचा बिल्ला असलेले लोक होते.

दुसरं तात्पुरतं काम करायचं असेल तर करता येतं, पण फर्लोत असलात तरी तुम्ही फेडरल एम्प्लॉयीच असता आणि एथिक्सचे नियम तसेच लागू असतात. काही एजन्सीत आधी परवानगी घ्यावी लागते आणि परवानगी देणारा माणूस पण फर्लोवर असतो, म्हणून हे शटडाऊनच्या आधी विचारून ठेवलेलं बरं.

इन्शुरन्स आणि टीएसपी

हेल्थ इन्शुरन्स चालू राहतो, चेक शून्य आला तरी. प्रीमियम साठत जातो आणि नंतरच्या पगारातून कापतात, त्यामुळे डॉक्टरची अपॉइंटमेंट रद्द करू नका, मुलांच्या लसी चुकवू नका. लाइफ इन्शुरन्सही तसाच राहतो, डेंटल आणि व्हिजनपण शटडाऊनमुळे बंद होत नाही. हेल्थ एफएसए (पगारातून बाजूला काढलेल्या पैशातून औषधपाण्याचा खर्च भागवायचं खातं) मात्र वेगळा आहे, पगारातून पैसे जात नाहीत त्या काळातल्या खर्चाचे क्लेम पगार पुन्हा सुरू झाल्यावरच मिळतात, पावत्या ठेवा.

टीएसपी मध्ये पगार नाही म्हणजे तुमचे पैसे जात नाहीत आणि एजन्सी आपल्याकडून घालते ती भर (मॅच) पण नाही, बॅक पे आल्यावर त्यातून जातात. आधीच टीएसपी लोन असेल आणि शटडाऊनमुळे हप्ता चुकला तर लगेच डिफॉल्ट धरत नाहीत, पण व्याज चालू असतं, जमत असेल तर हप्ता स्वतः पाठवता येतो. हार्डशिप विथड्रॉवल, म्हणजे अडचण म्हणून टीएसपी मधून पैसे काढणं, मात्र करू नका, कळकळीने सांगते. ते पैसे परत आत टाकता येत नाहीत, इन्कम टॅक्स लागतो, आणि वय साडे एकोणसाठच्या खाली असेल तर बहुतेक वेळा वर १० टक्के दंड. पाच-सहा आठवड्यांच्या अडचणीसाठी म्हातारपणातलं कायमचं जातं.

बॅक पे मिळतोच का, आणि कॉन्ट्रॅक्टरचं काय

जानेवारी २०१९ मध्ये गव्हर्नमेंट एम्प्लॉयी फेअर ट्रीटमेंट ॲक्ट झाला, त्याप्रमाणे फर्लोवाले आणि एक्सेप्टेड दोघांनाही शटडाऊन संपल्यावर शक्य तितक्या लवकर, नेहमीच्या पगाराच्या तारखेची वाट न बघता, बॅक पे द्यायचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हाइट हाऊसच्या बजेट ऑफिसच्या एका मेमोच्या मसुद्यात म्हटलं होतं की फर्लोवाल्यांना हा बॅक पे आपोआप मिळत नाही, काँग्रेसने वेगळे पैसे मंजूर करायला हवेत. ते वाचून आमच्या ग्रुपवर दोन रात्री कोणी झोपलं नव्हतं. शेवटी १२ नोव्हेंबरला जे बिल सही झालं त्यात बॅक पे स्पष्ट लिहिला होता आणि सगळ्यांना मिळाला. म्हणून शटडाऊन संपवणाऱ्या बिलात बॅक पे चं कलम आहे का ते बघायची सवय ठेवा, आणि नसेल तर आपल्या काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन करा, ते फोन मोजले जातात.

कॉन्ट्रॅक्टरना हा कायदा लागू नाही. आपली आयटीतली कितीतरी मंडळी सरकारी प्रोजेक्टवर असतात पण पगार खासगी कंपनी देते, त्यांचे शटडाऊनमधले दिवस गेले ते गेले. कंपनी पीटीओ (साठलेली पगारी सुट्टी) वापरायला लावते किंवा बिनपगारी सुट्टी देते, तेव्हा राज्याच्या साध्या अनएम्प्लॉयमेंटला अर्ज करा. एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसा) वर असाल तर लक्षात ठेवा, काम नाही म्हणून कंपनीने तुम्हाला बेंचवर बसवलं तरी पगार देणं तिला बंधनकारक आहे, शटडाऊन हे कारण चालत नाही. बिनपगारी रजेच्या कागदावर सही मागितली तर वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

पैसे आल्यावर

बॅक पे आला की आनंदाने सगळी बिलं भरून मोकळं व्हावंसं वाटतं, पण आधी ती एलईएस नीट वाचा. तास बरोबर आहेत का, एक्सेप्टेड असाल तर ओव्हरटाइम आणि रात्रपाळीचे जादा पैसे आलेत का, लीव्ह जितकी साठायला हवी तितकी साठली का, साठलेला हेल्थ प्रीमियम किती वेळा कापला. घाईत केलेल्या पेरोलमध्ये चुका राहतात, माझे २०१९ मध्ये आठ तास राहिले होते, टाइमशीट दुरुस्त करून पुढच्या चेकमध्ये आले. शटडाऊन नवीन वर्षात गेलं तर पैसे ज्या वर्षी हातात आले त्या वर्षीच्या डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा टॅक्स फॉर्म) मध्ये धरले जातात, टॅक्स भरताना गोंधळून जाऊ नका.

मग अनएम्प्लॉयमेंटवाल्यांना स्वतःहून कळवा की बॅक पे मिळाला, त्यांची नोटीस यायची वाट बघू नका, आणि ती रक्कम वेगळी काढून ठेवा. त्यानंतर क्रेडिट युनियनचं कर्ज, मग ढकललेले हप्ते. साधारण महिन्याने तिन्ही ब्युरोंचा क्रेडिट रिपोर्ट काढून बघा, कोणी तोंडी हो म्हणून तिकडे लेट लावलं असेल तर तो ईमेल दाखवून काढून घ्या. आणि शटडाऊनमध्ये पैसे नाहीत म्हणून बंद केलेले ऑटोपे एकेक करून परत चालू करा. मी कुठले कुठले बंद केले ते कागदावर लिहून फ्रिजला लावलं होतं, चालू झालं की खोडायचं. शेवटचा गाडीचा इन्शुरन्स होता, तो थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी खोडला.